पुस्तकं जागेवर, पत्ता गायब: ब्रिटिश लायब्ररीवरचा हल्ला आणि आपली ‘स्मार्ट’ ग्रंथालयं

शनिवार, २८ ऑक्टोबर २०२३. सकाळी साडेसातच्या सुमारास ब्रिटिश लायब्ररीच्या तंत्रज्ञान विभागातल्या एका कर्मचाऱ्याला नेटवर्कमध्ये शिरता येईना. थोड्याच वेळात कळलं की अडचण त्याच्या एकट्याची नाही, लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आहे. संकेतस्थळ बंद, तालिका (म्हणजे पुस्तकं शोधायची यादी) बंद, वाचनकक्षातलं वायफाय बंद. पुढचे काही दिवस लंडनच्या सेंट पँक्रसमधल्या त्या भव्य इमारतीत खरेदी करायची तर रोख पैसे मोजावे लागत होते. इमारतीला तडा गेला नव्हता, आग लागली नव्हती, एकाही पुस्तकाला वाळवी लागली नव्हती. ग्रंथपाल हजर होते, वाचकही ओळखपत्र घेऊन आले होते. तरीही पुस्तक वाचकाच्या हाती पडत नव्हतं.

हे प्रकरण मी सविस्तर मांडतो आहे, कारण आपल्याकडे ‘स्मार्ट ग्रंथालय’ या नावाखाली सध्या जी खरेदी चालू आहे, तिच्यात एक प्रश्न विचारलाच जात नाही. आरएफआयडीचं (रेडिओ लहरींनी पुस्तकावरचा टॅग वाचणारं) फाटक, स्वतःच पुस्तक नोंदवून घेण्याचं यंत्र, मोबाइलवर दिसणारे कॅमेरे, आर्द्रता मोजणारे सेन्सर, बोटाच्या ठशावरची हजेरी असं सगळं येतं आहे. येऊ दे. पण हे यंत्र ज्या दिवशी मुकं होईल, त्या दिवशी वाचकाला पुस्तक कसं द्यायचं? ब्रिटिश लायब्ररीसारख्या संस्थेलाही याचं पूर्ण उत्तर देता आलं नाही, आणि त्यासाठी तिला फार मोठी किंमत मोजावी लागली.

बॉस्टन स्पाच्या गोदामात

ब्रिटिश लायब्ररी म्हटलं की लंडनची लाल विटांची इमारत डोळ्यांसमोर येते, पण संग्रहाचा मोठा भाग तिथे नाही. लंडनपासून सुमारे ३०० किलोमीटर उत्तरेला, यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पाला तो आहे. तिथे २००९ मध्ये एक स्वयंचलित साठवण इमारत सुरू झाली. एकापुढे एक लावली तर २६२ किलोमीटर भरतील एवढी मांडणी आणि तिच्यावर सत्तर लाखांच्या आसपास वस्तू. पुस्तकं विषयवार उभी नसून पेट्यांमध्ये ठेवलेली असतात. प्रत्येक वस्तूला बारकोड, प्रत्येक पेटीला बारकोड. लंडनच्या वाचनकक्षातून मागणी आली की उंच मांडणीमधून यांत्रिक क्रेन धावते, नेमकी पेटी बाहेर काढते आणि माणसासमोर आणून ठेवते. कर्मचारी त्यातलं पुस्तक उचलतो आणि ते लंडनच्या गाडीत चढतं.

आत हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाणही मुद्दाम कमी राखलेलं असतं. बाहेर ते जवळपास २१ टक्के असतं, तिथे पंधराच्या आसपास. इतक्या कमी ऑक्सिजनमध्ये कागद पेट घेत नाही, त्यामुळे आग विझवायला पाणी मारण्याची वेळच येत नाही. तापमान आणि आर्द्रताही सतत मोजली आणि सांभाळली जाते. जुन्या वर्तमानपत्रांसाठी शेजारीच अशीच आणखी एक इमारत आहे, तिथे क्रेन अंधारात काम करतात. माणसांचा नित्य वावर नसल्याने दिव्यांची गरज नाही आणि उजेड नसल्याने कागद टिकतो.

ग्रंथजतनाच्या दृष्टीने मला ही रचना फार मोलाची वाटते. ज्याने कोकणातल्या वाचनालयात जुलै महिन्यात पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर चढलेली बुरशी फडक्याने पुसली आहे, त्याला स्थिर हवामानाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पण या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. कोणतं पुस्तक कुठल्या पेटीत आणि कुठली पेटी कुठल्या खणात, हे संगणक प्रणालीला ठाऊक असतं, माणसाला नाही. आपल्या वाचनालयातला जुना कर्मचारी वीज गेली तरी मेणबत्ती घेऊन कपाटाशी जातो आणि पुस्तक काढून देतो, कारण पुस्तकं वर्गांकाने, म्हणजे विषयाप्रमाणे दिलेल्या क्रमांकाने, लावलेली असतात आणि ती मांडणी त्याच्या अंगवळणी पडलेली असते. बॉस्टन स्पाच्या त्या इमारतीत असं चालत जाऊन पुस्तक शोधता येत नाही.

हल्ल्यानंतर नेमकं हेच आडवं आलं. पुस्तकांना काहीच झालं नव्हतं, पण वाचकाची मागणी त्यांच्यापर्यंत पोचवणारी साखळी तुटली होती. लंडनच्या तळघरात असलेल्या पुस्तकांपैकी काही चिठ्ठ्या भरून मिळू लागली. बॉस्टन स्पाच्या साठ्यासाठी मात्र वाचकांना महिनोन्‌महिने थांबावं लागलं.

रात्रीत काय झालं

शिरकावाची पहिली खूण २५ ऑक्टोबरच्या रात्रीची आहे. साडेअकराच्या सुमारास कुणीतरी आत आलं होतं. मध्यरात्रीनंतर सव्वाच्या सुमारास सुरक्षा प्रणालीने संशयास्पद हालचालीची सूचना दिली आणि ती हालचाल आपोआप अडवलीही. जबाबदार अधिकाऱ्याने अडवणूक वाढवली, तपासणी चालवली, सकाळी प्रकरण पुढच्या चमूकडे दिलं. नोंदी पाहिल्या गेल्या, पण ठळक असं काही आढळलं नाही. इथे कुणी झोपा काढत होतं असं मला म्हणवत नाही. घंटा वाजली होती, माणसं उठली होती, त्यांनी पाहिलंही होतं. चोर फक्त शांत बसला होता.

२८ तारखेच्या पहाटे दीडच्या सुमारास लायब्ररीच्या नेटवर्कमधून ४४० जीबी माहिती बाहेर गेली. हे नंतरच्या तपासात कळलं. ‘रायसिडा’ नावाच्या खंडणीखोर टोळीने हल्ल्याची जबाबदारी घेतली आणि नोव्हेंबरमध्ये चोरलेल्या माहितीचा लिलाव पुकारला. सुरुवातीची बोली २० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावाने सहा लाख पौंडांच्या आसपास. लायब्ररीने खंडणी दिली नाही. सार्वजनिक पैशातून गुन्हेगारांना खंडणी द्यायची नाही हे ब्रिटिश सरकारचं धोरण आहे आणि ते योग्यच आहे. मग टोळीने जवळपास ६०० जीबी माहिती, सुमारे पाच लाख फायली, उघड्यावर टाकल्या.

चोरीची पद्धतही पाहण्यासारखी आहे. वित्त, तंत्रज्ञान आणि मनुष्यबळ या विभागांच्या सामायिक फायली सरसकट उचलल्या. बाकी नेटवर्कवर ‘पासपोर्ट’, ‘गोपनीय’ असे शब्द शोधून सापडेल ते घेतलं. शिवाय २२ डेटाबेसच्या प्रती काढल्या. एखाद्या संस्थेच्या कर्मचाऱ्यांच्या खासगी कागदांचं मोल चोराला नेमकं ठाऊक असतं. ते सांभाळणाऱ्यांना मात्र ती नुसती ‘फाइल’ वाटते.

दार कुणासाठी उघडलं होतं

इथपर्यंतचा भाग बातम्यांत येऊन गेला. आपल्या कामाचा भाग पुढे आहे, आणि तो कळतो याचं श्रेय ब्रिटिश लायब्ररीलाच द्यायला हवं. मार्च २०२४ मध्ये तिने अठरा पानी अहवाल प्रसिद्ध केला आणि आपल्या त्रुटी स्वतःच मांडल्या. इतकी मोकळी कबुली कुठल्याही सार्वजनिक संस्थेकडून सहसा येत नाही.

हल्लेखोर बहुधा एका टर्मिनल सर्व्हरवरून आत आले. तो सर्व्हर फेब्रुवारी २०२० मध्ये बसवला होता. बाहेरच्या विश्वासू भागीदारांना आणि यंत्रणा सांभाळणाऱ्यांना दुरून आत येऊन काम करता यावं, एवढ्यासाठी. पुढच्याच महिन्यात ब्रिटनमध्ये कोविडची टाळेबंदी लागली आणि दुरून काम करणं नेहमीचंच झालं. सर्व्हरला फायरवॉल होती, विषाणूरोधक सॉफ्टवेअर होतं. पासवर्डखेरीज दुसरी ओळख, म्हणजे मोबाइलवर येणारा आकडा किंवा तत्सम काही, मागितली जात नव्हती. लायब्ररीने २०२० मध्येच क्लाउडवरच्या सगळ्या सेवांसाठी अशी दुहेरी ओळख सक्तीची केली होती. जुन्या, जागेवरच्या सर्व्हरांपर्यंत ती नेली नव्हती, कारण खर्च, व्यवहार्यता आणि चालू कामांना बसणारा खोडा. बाहेरच्या पुरवठादारांच्या प्रवेशाचा धोका २०२२ मध्ये अंतर्गत पातळीवर नोंदवलाही गेला होता. त्याचा आढावा २०२४ मध्ये घ्यायचं ठरलं होतं.

स्मार्ट उपकरणांशी याचा संबंध कुठे, असं कुणी विचारील. हा हल्ला थर्मामीटरमधून किंवा कॅमेऱ्यातून झालेला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण तो सर्व्हर कुणासाठी होता ते पाहा. बाहेरच्या माणसांना दुरून आत येता यावं, यासाठी. इंटरनेटला जोडलेलं प्रत्येक उपकरण अशाच एका दाराची मागणी घेऊन येतं. कंपनीचा माणूस म्हणतो, “आम्ही पुण्यातूनच बघून देऊ, तुम्हाला काळजी नको.” त्यासाठी तुमच्या नेटवर्कमध्ये त्याच्यासाठी एक खिडकी उघडी राहते. आरएफआयडीवाल्याची एक, कॅमेरेवाल्याची एक, हजेरीच्या यंत्रवाल्याची एक. पाच वर्षांनी त्यातल्या किती खिडक्या उघड्या आहेत, हे ग्रंथपालाला विचारा. उत्तर मिळणार नाही, आणि त्यात ग्रंथपालाचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट वयाची. इमारतीत बसवलेली यंत्रं वीस-पंचवीस वर्षं चालतात. त्यांच्या सॉफ्टवेअरला मात्र कंपनी त्याच्या निम्मी वर्षंसुद्धा सुधारणा पुरवत नाही. ब्रिटिश लायब्ररीकडे दशकानुदशकं साठत आलेल्या, एकमेकींशी कशाबशा जोडलेल्या प्रणाली होत्या. सायबर सुरक्षेचं एक राष्ट्रीय प्रमाणपत्र तिला २०१९ मध्ये मिळालं होतं. २०२२ मध्ये निकष बदलले आणि जुन्या प्रणाली बदलेपर्यंत ते पुन्हा मिळणं शक्य नव्हतं. नेटवर्कची रचनाही जुनी आणि गुंतागुंतीची, त्यामुळे एका खोलीत शिरलेल्याला घरभर फिरता आलं.

सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग यापुढचा आहे. संग्रहाच्या माहितीच्या सुरक्षित प्रती लायब्ररीकडे होत्या. डिजिटल ग्रंथ वाचले होते, तालिकेच्या नोंदीही वाचल्या होत्या. पण हल्लेखोरांनी जाताना आपल्या खुणा पुसण्यासाठी सर्व्हर नष्ट केले होते. प्रती परत ठेवायच्या तर कशावर? आणि कितीतरी जुन्या प्रणाली नव्या, सुरक्षित सर्व्हरांवर चालण्याजोग्याच नव्हत्या. काहींच्या उत्पादकांनी त्यांना कधीच वाऱ्यावर सोडलं होतं. आपल्याकडे ‘बॅकअप आहे ना?’ एवढं विचारून विषय संपवतात. तो बॅकअप वापरून कुणी तालिका उभी करून पाहिली आहे का, हे विचारायला हवं.

चिठ्ठ्यांवरचे महिने

मुख्य तालिकेची शोधता येईल अशी आवृत्ती १५ जानेवारी २०२४ ला परत आली. तीन कोटी ६० लाख नोंदी. तालिकेत शोधता येत होतं, पण तिथूनच पुस्तक मागवता येत नव्हतं. बोधांक (पुस्तकाची जागा सांगणारा क्रमांक) टिपून घ्यायचा, कागदावर चिठ्ठी भरायची, पुस्तक जागेवर आहे का हे कर्मचाऱ्यानेच जाऊन पाहायचं. तालिका नव्हती त्या अडीच महिन्यांत वाचकांनी बोधांक मिळवले ते छापील सूच्यांतून आणि इतर संस्थांच्या तालिकांमधून.

मराठीच्या अभ्यासकांचाही या बंद दाराशी थेट संबंध आहे. १८६७ च्या कायद्याने हिंदुस्थानात छापलेल्या पुस्तकांची नोंद आणि प्रती सरकारकडे जाऊ लागल्या, त्यांतली कित्येक पुस्तकं लंडनला पोचली. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुद्रणाचा अभ्यास करणाऱ्याला म्हणूनच आजही तिथल्या संग्रहाकडे वळावं लागतं. इंडिया ऑफिसचे (लंडनमधून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे) दप्तर आणि ग्रंथसंग्रहही १९८२ पासून ब्रिटिश लायब्ररीकडेच आहेत. पुढे ब्रिटिश लायब्ररीत आलेल्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथसंग्रहातल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची सूची ब्लुमहार्ट यांनी तयार केली आणि ती १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. जुनी, आता अपुरी, लिप्यंतराच्या खास पद्धतीमुळे किचकट. पण तिच्यात पुस्तकाचं नाव शोधायला कुठलाही सर्व्हर लागत नाही. अशी सूची आपल्याकडच्या कुठल्याही ग्रंथालयात रद्दीत टाकण्याआधी दहादा विचार व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

नुकसान एका संस्थेपुरतं राहिलं नाही. ब्रिटनमध्ये प्रकाशित होणारी ई-पुस्तकं कायद्याने राष्ट्रीय ग्रंथालयांकडे जमा होतात आणि ऑक्सफर्ड, केंब्रिज, डब्लिन इथली मोठी ग्रंथालयंही त्याच सामायिक यंत्रणेतून ती वाचकांना दाखवतात. ब्रिटिश लायब्ररी बंद पडताच तिथल्या वाचकांचाही हा मार्ग बंद झाला. सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तक नेलं जातं तेव्हा लेखकाला मिळणारा अल्पसा मोबदलाही याच संस्थेमार्फत दिला जातो. त्या वर्षी तो उशिरा मिळाला.

योगायोग असा की त्याच २८ ऑक्टोबरला टोरोंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयावरही हल्ला झाला. शंभर शाखांचं जाळं, आणि लोक पुस्तकं परत आणून देताहेत. पण परत आल्याची नोंदच करता येईना, म्हणून ती मांडणीवर जाईनात. शेवटी सुमारे दहा लाख पुस्तकं ट्रेलरमध्ये भरून ठेवावी लागली. नेण्याच्या नोंदी कागदावर चालू राहिल्या म्हणून ग्रंथालय उघडं राहिलं, हेही तितकंच महत्त्वाचं.

आपल्या कपाटांजवळ

महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली गावोगावी अनुदानावर चालणारी हजारो वाचनालयं आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना बॉस्टन स्पाच्या क्रेन कधी परवडणार नाहीत. पण महाविद्यालयांत आणि शहरांतल्या मोठ्या ग्रंथालयांत जोडलेली उपकरणं झपाट्याने येताहेत, आणि खरेदी समितीपुढे येणाऱ्या तक्त्यात किंमत, हमीची मुदत आणि वार्षिक देखभाल करार एवढंच असतं.

आरएफआयडीच घ्या. पुस्तकाला चिकटवलेल्या टॅगमध्ये बॅटरी नसते, इंटरनेट नसतं. टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या लहरींवर तो जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. खरं परावलंबन टॅगचं नसून त्या क्रमांकाचा अर्थ लावणाऱ्या प्रणालीवरचं आहे. म्हणून टॅग लावला की दाखल क्रमांक (पुस्तक संग्रहात येताना मिळणारा क्रमांक) हाताने लिहायचं बंद करणं हा मला घातक आळस वाटतो. शीर्षकपानामागे आणि गुप्त पानावर (प्रत्येक पुस्तकात यासाठी ठरवलेल्या आतल्या पानावर) शाईने लिहिलेला दाखल क्रमांक, पाठीवर वर्गांकाची चिठ्ठी आणि दाखल नोंदवहीची दरवर्षी छापून बांधलेली प्रत, एवढं असलं तर कुठलीही टोळी तुमचं ग्रंथालय बंद पाडू शकत नाही. ग्रंथालयाच्या माणसांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलेलं आहे, ते फक्त मोडायचं नाही.

देवघेवीचंही तसंच. ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी जोडणी नसताना देवघेव नोंदवून नंतर ती चढवण्याची सोय उपलब्ध आहे. ती किती ठिकाणी वापरून पाहिली जाते? महिन्यातून एक तास, ठरवून, नेट काढून टाकावं आणि काउंटर चालवून दाखवावं. वाचकांना आधी सांगितलं तर कुणी रागावणार नाही.

आर्द्रतेच्या सेन्सरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ते हवेतच, विशेषतः हस्तलिखितं आणि जुनी नियतकालिकं असलेल्या खोलीत. पण ते इंटरनेटला जोडलेलेच हवेत असं नाही. स्वतःच्याच पोटात महिनाभराचे आकडे साठवणारा, आठवड्यातून एकदा तारेने संगणकाला लावून वाचता येणारा साधा डेटा लॉगर लहान ग्रंथालयाचं काम चोख करतो. खोलीतली आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली हे कुणाला मोबाइलवर रात्री दोन वाजता कळून उपयोग काय, जर खोलीची किल्ली सकाळी दहाला येणाऱ्या शिपायाकडे असेल? जोडणीचा फायदा उचलायला माणूसच नसेल, तर धोका तेवढा पदरात पडतो.

कॅमेऱ्यांचा विषय सर्वांत दुर्लक्षित. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर आपल्या ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले जुजबी पासवर्ड वापरून. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या संकेतस्थळांना तासन्‌तास बंद पाडलं. वाचनालयातला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) बसवून गेलेल्या माणसाने पासवर्ड बदलला होता का, आणि तो रेकॉर्डर सभासदांची माहिती असलेल्या संगणकाच्याच नेटवर्कवर आहे का, हे दोन प्रश्न उद्याच विचारता येतात. कॅमेरे, हजेरी आणि वाचकांचं वायफाय एका बाजूला, तालिका आणि सभासदांच्या नोंदी दुसऱ्या बाजूला, एवढं वेगळेपण करून द्यायला नेटवर्कवाल्याला अर्धा दिवस पुरतो.

सभासदाच्या बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राला मात्र माझा सरळ विरोध आहे. कोण काय वाचतं ही वाचकाची खासगी बाब आहे आणि ग्रंथालय तिचा विश्वस्त आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार घेतलेल्या माहितीची जबाबदारी ती घेणाऱ्यावर येते. एका कार्डाने भागतं तिथे ठसा मागायचं कारण काय?

करारात काय लिहून घ्यावं, याबद्दल ग्रंथपालांनी समितीपुढे हट्ट धरायला हवा. दुरून प्रवेश हवा असेल तर तो मागितल्यावर, ठरावीक वेळेपुरता आणि दुहेरी ओळखीनेच दिला जाईल. सॉफ्टवेअरला सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, ते वर्ष आकड्यात लिहिलेलं असेल. करार संपल्यावर सगळ्या नोंदी कुठल्याही प्रणालीत वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील. आणि बिलाची शेवटची रक्कम देण्याआधी कंपनीचा माणूस ग्रंथालयात उभा राहील, नेटची तार काढली जाईल आणि वाचकाने मागितलेलं पुस्तक त्याच्या हातात दिलं जाईल.